उपदेशशास्त्राचा अभ्यास आज कुठे पोहोचला आहे आणि मराठीत त्याला किती वाव आहे?

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. धर्मशास्त्राची पदवी घेऊन काही वर्षे मंडळीत, म्हणजे स्थानिक चर्चमध्ये, पाळक म्हणून सेवा केल्यानंतर आपल्याला उपदेशशास्त्रात, म्हणजे चर्चमधील उपदेशाच्या अभ्यासात (होमिलेटिक्समध्ये), संशोधन करावेसे वाटते. आपले सहकारी मात्र सांगतात की प्रस्तावना, तीन मुद्दे, दोन दाखले आणि समारोप यापलीकडे या विषयात काही नाही, आणि संशोधनच करायचे तर ते नव्या कराराच्या किंवा मंडळीच्या इतिहासाच्या अभ्यासात करावे. मी हा विषय अनेक वर्षे शिकवत आलो आहे. आपले सहकारी ज्या विषयाचे वर्णन करतात तो निदान पन्नास वर्षांपूर्वीचा आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. चांगला उपदेश कसा तयार करावा, हा तेव्हाचा मुख्य प्रश्न होता. आजचे अभ्यासक त्याआधीचा प्रश्न विचारतात: कोणी उपदेश करतो आणि कोणी तो ऐकतो, तेव्हा त्या जागी नेमके काय घडते? त्यामुळे अभ्यासाचा भर लिहिलेल्या मजकुरावरून ऐकण्यावर आला आहे, आणि मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा बदल हाच आहे.

हा बदल कळण्यासाठी आधीची घडी थोडी पाहावी लागते. सुमारे ४२६ मध्ये पूर्ण झालेल्या ख्रिस्ती शिकवणीवरील ग्रंथाच्या चौथ्या भागात ऑगस्टीनने रोमन वक्तृत्वशास्त्र मंडळीच्या कामाला जुंपले. शिकवणे, रंजवणे आणि मन वळवणे ही रोमन वक्ता सिसेरोने सांगितलेली वक्त्याची तीन कामे त्याने उपदेशकालाही लागू केली. तेव्हापासून दीड हजार वर्षे या विषयाची पाठ्यपुस्तके बहुतांशी त्याच चौकटीत लिहिली गेली. १८७० मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेले जॉन ब्रॉडस यांचे पाठ्यपुस्तक कित्येक दशके सेमिनरींत, म्हणजे धर्मशिक्षणाच्या विद्यालयांत, चालले. बायबलच्या वचनातून एक विधान काढावे, त्याचे पोटभाग पाडावेत, प्रत्येकाला आधार आणि दाखला द्यावा आणि शेवटी आवाहन करावे, ही पद्धत मिशनऱ्यांबरोबर आपल्याकडे आली आणि आपल्या मंडळ्यांत इतकी रुजली की उपदेश म्हणजे हेच, असे पुष्कळांना अजून वाटते. या पद्धतीने असंख्य उपदेशकांना शिस्त लावली, हे मी आदराने नमूद करतो. मात्र ऐकणाऱ्याविषयी तिच्याजवळ सांगण्यासारखे फारच थोडे होते.

१९७१ मध्ये अमेरिकेतील फ्रेड क्रॅडॉक यांनी या चौकटीवर थेट बोट ठेवले. निष्कर्ष आधी सांगून मग तो सिद्ध करत जाणारा उपदेशक श्रोत्याला विचार करायला जागाच ठेवत नाही, असे त्यांचे म्हणणे होते. उपदेशकाने अभ्यासिकेत जी वाट चालून निष्कर्ष गाठला, तीच वाट श्रोत्यांना सोबत घेऊन पुन्हा चालावी आणि शेवटचे पाऊल त्यांचे त्यांना टाकू द्यावे. १९८० मध्ये यूजीन लोरी यांनी उपदेशाला कथानकासारखी बांधणी सुचवली: आधी पेच, मग तो वाढत जाणे, मग सुवार्तेच्या प्रकाशात त्याची उकल. १९८७ मध्ये डेव्हिड बट्रिक यांनी उपदेश ऐकताना जाणिवेत काय घडते, याचा बारकाईने विचार केला. या साऱ्या प्रवाहाला पुढे ‘नवे उपदेशशास्त्र’ असे नाव पडले. त्यातील मोठी उणीव मात्र लवकरच लक्षात आली. श्रोत्याला केंद्रस्थानी आणू पाहणारे हे लेखक श्रोत्यांविषयी भरभरून लिहीत होते, पण प्रत्यक्ष श्रोत्यांना जाऊन विचारणारे त्यांच्यात क्वचितच कोणी होते.

विचारण्याचे काम नंतरच्या पिढीने केले. इंडियानापोलिस येथील ख्रिश्चन थिऑलॉजिकल सेमिनरीच्या पुढाकाराने २००० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत रोनाल्ड ॲलन, जॉन मॅक्लूर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी निरनिराळ्या मंडळ्यांतील सामान्य सभासदांच्या सविस्तर मुलाखती घेतल्या. ॲरिस्टॉटलच्या परिभाषेत वक्त्याचे चारित्र्य, विचार आणि भावना या तीन वाटांपैकी कोणत्या वाटेने उपदेश त्यांच्यापर्यंत पोहोचतो, हे त्यांनी शोधले. एकाच बाकावर बसलेली माणसे एकच उपदेश वेगवेगळ्या वाटांनी आत घेतात, हे त्यातून पुढे आले. डेन्मार्कमध्ये मारियाने गार्डर यांनी हा शोध आणखी खोलवर नेला. त्यांच्या अभ्यासातील श्रोते उपदेशकाचे विचार जसेच्या तसे उचलत नव्हते. ऐकलेल्या शब्दावरून कोणाला स्वतःच्या आयुष्यातले काही आठवे, कोणी मनातल्या मनात उपदेशकाशी वाद घाले, तर कोणी शब्द सोडून देऊन नुसते शांत होई. गार्डर म्हणतात की अर्थ उपदेशकाजवळही नसतो आणि श्रोत्याच्या डोक्यातही आयता नसतो. दोघांच्या भेटीत जी तिसरी खोली उघडते, तिथे तो तयार होतो. ज्याने वर्षानुवर्षे दर रविवारी उपदेश केला आहे, त्याला हे मनोमन पटते. “पाळकसाहेब, तुम्ही आज म्हणालात ना...” असे म्हणून मंडळीतला माणूस दारात जे वाक्य सांगतो, ते पुष्कळदा आपण उच्चारलेलेच नसते. पूर्वी आपण त्याला ऐकण्यातली चूक समजत होतो. आता संशोधनाची सुरुवात तिथून होते.

मोजमापाची साधने बदलल्यानेही या विषयाचे रूप पालटले आहे. प्यू रिसर्च सेंटर या पाहण्या करणाऱ्या संस्थेने २०१९ मध्ये अमेरिकेतील ६,४३१ मंडळ्यांच्या संकेतस्थळांवरून एप्रिल आणि मे महिन्यांतील सुमारे ५०,००० उपदेश गोळा केले आणि संगणकाच्या साहाय्याने त्यांचे लिखित रूप तयार करून विश्लेषण केले. उपदेशाच्या लांबीचा मध्यांक (निम्मे उपदेश ज्याहून लहान आणि निम्मे मोठे असतात तो आकडा) कॅथलिक चर्चमध्ये १४ मिनिटे, मुख्य प्रवाहातील प्रॉटेस्टंट चर्चमध्ये २५, इव्हँजेलिकल चर्चमध्ये ३९ आणि ऐतिहासिक कृष्णवर्णीय प्रॉटेस्टंट चर्चमध्ये ५४ मिनिटे निघाला. या आकड्यांवरून कोणी पटकन म्हणेल की कृष्णवर्णीय उपदेशक इतरांपेक्षा फार जास्त बोलतात. परंतु त्याच पाहणीत शब्द मोजले, तेव्हा कृष्णवर्णीय मंडळ्यांतील आणि इव्हँजेलिकल मंडळ्यांतील उपदेशांची शब्दसंख्या जवळपास सारखी भरली. जवळजवळ तेवढेच शब्द, पण वेळ १५ मिनिटांनी जास्त. मग ती १५ मिनिटे कुठे गेली? ज्याने या परंपरेतील उपदेश ऐकला आहे, त्याला उत्तर ठाऊक आहे. उपदेशक थांबतो, मंडळी हाक देते, ऑर्गन वाजतो, वाक्य पुन्हा म्हटले जाते, शेवटाकडे बोलणे गाण्याच्या अंगाने जाऊ लागते. कृष्णवर्णीय उपदेशपरंपरेचे अभ्यासक हेन्री मिचेल यांनी १९७० मध्येच दाखवून दिले होते की मंडळीचा प्रतिसाद हा त्या उपदेशाचा घटक असतो. लिखित रूप करताना नेमका तोच गळून पडतो. म्हणून संगणकीय विश्लेषण करू इच्छिणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याला मी हे उदाहरण सांगतो. हजारो उपदेशांत कोणता शब्द किती वेळा आला, हे यंत्र चुटकीसरशी सांगते आणि त्याचा उपयोगही आहे. परंतु उपदेशाचे जे अंग शब्दांत नाही, ते अशा मोजणीत हाती लागत नाही.

इतिहासाच्या अभ्यासकांनी याच अडचणीवर एक सुंदर वाट काढली आहे, आणि ती सविस्तर सांगण्याजोगी आहे. सतराव्या शतकात लंडनच्या सेंट पॉल कॅथेड्रलच्या आवारात ‘पॉल्स क्रॉस’ नावाचे उघड्यावरचे व्यासपीठ होते. तिथे उपदेश सुमारे दोन तास चाले आणि मोठा जमाव उभ्याने तो ऐके. कवी आणि धर्मगुरू जॉन डन यांचा ५ नोव्हेंबर १६२२ चा उपदेश तिथे व्हायचा होता, पण हवामानामुळे तो चर्चच्या आत झाला. या उपदेशाची डन यांच्या हातच्या दुरुस्त्या असलेली हस्तलिखित प्रत १९९२ मध्ये जीन शामी यांना ब्रिटिश लायब्ररीत सापडली. पुढे नॉर्थ कॅरोलिना स्टेट युनिव्हर्सिटीतील जॉन वॉल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जुनी चित्रे आणि मोजमापे यांच्या आधारे ते आवार संगणकावर उभे केले, त्या काळच्या उच्चारांत एका नटाकडून तो उपदेश म्हणवून घेतला आणि तो उघड्यावर झाला असता तर आवारातल्या निरनिराळ्या ठिकाणी कसा ऐकू आला असता, याची ध्वनिशास्त्रीय मांडणी केली. जमाव लहान असता तर, मोठा असता तर, वक्त्याजवळ उभे राहिलो तर, लांब उभे राहिलो तर, मध्ये घड्याळाचे टोल आणि पक्ष्यांचे आवाज येत असताना, असे सारे तिथे ऐकून पाहता येते. ते ऐकल्यावर छापील पानावर अवजड भासणारी डन यांची लांब, पुनरुक्तीने भरलेली वाक्ये वेगळीच कळतात. एवढ्या आवाजात आणि एवढ्या वेळात श्रोत्याचा धागा तुटू नये, म्हणून ती पुनरुक्ती कामाची असते. जे छापील प्रतींत शेकडो वर्षे केवळ शैली म्हणून वाचले गेले, त्याचा जागेशी आणि कानाशी असलेला संबंध अशा अभ्यासामुळे उघड झाला.

उपदेश कोण करते आणि कोणाला तो करू दिला जात नाही, हा प्रश्नही आता या विषयाच्या गाभ्यात आला आहे. कॅथलिक चर्चमध्ये दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ मध्ये प्रवचन हे उपासनेचेच अंग असल्याचे सांगितले आणि रविवारी ते वगळू नये असा दंडक घातला. चर्चच्या कायद्याने मिस्सा या उपासनेतील प्रवचन धर्मगुरू आणि डीकन (धर्मगुरूच्या खालच्या पायरीचे दीक्षित सेवक) यांच्यापुरतेच राखून ठेवले आहे. पोप फ्रान्सिस यांनी २०१३ च्या आपल्या पत्रात प्रवचनावर आणि त्याच्या तयारीवर पंचवीसेक परिच्छेद खर्च केले आणि प्रवचनाचा त्रास ऐकणाऱ्यांनाही होतो व करणाऱ्यांनाही होतो, हे मोकळेपणाने लिहिले. २०२४ मध्ये तर प्रवचन आठ मिनिटांहून मोठे नको, असे त्यांनी सांगितले. प्रॉटेस्टंट जगात स्त्रियांचे, स्थलांतरितांचे आणि एके काळच्या वसाहतींतील लोकांचे उपदेश स्वतंत्रपणे अभ्यासले जात आहेत. सेरा ट्रॅव्हिस आणि ह्येरान किम-क्रॅग यांच्यासारख्या अभ्यासकांनी वसाहतवादाची भाषा उपदेशात आजही कशी टिकून आहे, हे दाखवले आहे. भारतात अरविंद निर्मळ यांनी १९८१ मध्ये बंगळुरूच्या युनायटेड थिऑलॉजिकल कॉलेजात दलित धर्मशास्त्राची हाक दिली, आणि पुढे सत्यनाथन क्लार्क यांनी तमिळनाडूतील परैयर समाजाच्या ढोलाकडे धर्मशास्त्राचे साधन म्हणून पाहिले. ज्यांना शतकानुशतके पोथीपासून दूर ठेवले गेले, त्यांचे ज्ञान आवाजात आणि तालात साठलेले असते. उपदेशशास्त्राने हा विचार अजून पुरेसा आपलासा केलेला नाही, आणि आपल्यासारख्या संशोधकाला इथे मोठे काम आहे.

आता मराठीकडे येतो. पाश्चात्त्य अभ्यासकांनी गेल्या पन्नास वर्षांत जे प्रश्न उभे केले, त्यांच्यासाठी आपल्याकडे चारशे वर्षांची सामग्री पडून आहे. इंग्रज जेझुइट मिशनरी फादर स्टीफन्स यांचे क्रिस्तपुराण १६१६ मध्ये गोव्यात राशोल येथे छापले गेले. जवळपास ११,००० ओव्यांचे हे पुराण ख्रिस्ती लोकांत मोठ्याने म्हटले आणि ऐकले जात होते. वाङ्मयाचे अभ्यासक त्याची भाषा पाहतात, धर्मशास्त्राचे अभ्यासक त्यातील सिद्धांत पाहतात. सामूहिक श्रवणाचा ग्रंथ म्हणून त्याचा कसून अभ्यास व्हायला हवा. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अहमदनगरच्या अमेरिकन मराठी मिशनच्या परिसरात कृष्णराव सांगळे यांनी ख्रिस्ती कीर्तनाची वाट पाडली, आणि १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतलेल्या नारायण वामन टिळकांनी कीर्तन, अभंग आणि भजन यांना मंडळीच्या जीवनात मानाचे स्थान मिळवून दिले.

कीर्तनाची बांधणी जरा जवळून पाहा. नारदीय पद्धतीत नमनानंतर पूर्वरंगात एक पद किंवा वचन घेऊन सिद्धांताचे निरूपण होते, मध्ये भजन आणि नामगजर होतो, उत्तररंगात त्या सिद्धांताला पुष्टी देणारे आख्यान लावले जाते आणि शेवटी कीर्तनकार मूळ पदावर परत येतो. क्रॅडॉक यांच्या कसोटीवर हे उतरणार नाही, कारण इथे निष्कर्ष आधीच सांगितलेला असतो. तरीही कीर्तनाचा श्रोता मुका नसतो. तो टाळी धरतो, ध्रुपद उचलतो, गजरात सामील होतो, आणि आख्यान रंगू लागले की पूर्वरंगातला सिद्धांत स्वतःच्या अनुभवाशी ताडून पाहतो. म्हणजे श्रोत्याचे स्वातंत्र्य मांडणीच्या क्रमावर अवलंबून असते, हे नव्या उपदेशशास्त्राचे गृहीतकच कीर्तनापुढे डळमळते. निष्कर्ष आधी आला की नंतर, यापेक्षा ऐकणाऱ्याला मध्ये उत्तर देण्याची जागा आहे की नाही, हे अधिक महत्त्वाचे असावे, असे मला या पुराव्यावरून वाटते. ही मांडणी नीट तपासून कोणी सिद्ध केली किंवा खोडून काढली, तर जागतिक चर्चेत मराठीकडून ती मोलाची भर ठरेल.

पंडिता रमाबाईंचाही विचार करा. त्यांच्या कुटुंबाचा उदरनिर्वाह पुराणकथनावर होता, आणि गावोगाव पुराण सांगत फिरण्यात त्यांचे तरुणपण गेले. १८७८ मध्ये कोलकात्यात ‘पंडिता’ ही पदवी त्यांना मिळाली ती त्याच विद्येच्या बळावर. पुढे ख्रिस्ती झाल्यावर आणि केडगावला मुक्ती मिशन उभारल्यावर त्या स्त्रियांपुढे जे बोलत, त्यात पुराणिकाची शैली किती उरली होती? त्यांच्या चरित्राविषयी भरपूर लिहिले गेले आहे. उपदेशक म्हणून त्यांचा अभ्यास व्हावा, ही माझी मनापासूनची इच्छा आहे.

यंत्राने लिहिलेल्या उपदेशाविषयीही आपण विचारले आहे. जून २०२३ मध्ये जर्मनीतील फ्युर्थ शहराच्या सेंट पॉल चर्चमध्ये योनास सिमरलाइन या व्हिएन्ना विद्यापीठातील अभ्यासकाने चॅटजीपीटीच्या साहाय्याने बहुतांश रचलेली उपासना पडद्यावरच्या आभासी व्यक्तींकडून सादर केली, आणि ३०० हून अधिक लोक तिला हजर होते. उसना उपदेश ही मुळात नवी गोष्ट नाही. ज्याला चांगले बोलता येते पण रचता येत नाही, त्याने दुसऱ्याने रचलेला उपदेश पाठ करून सांगितला तरी चालेल, असे ऑगस्टीननेच लिहून ठेवले आहे. इंग्लंडच्या चर्चने सोळाव्या शतकात छापील उपदेशांचे संग्रह काढले ते अशाच धर्मगुरूंसाठी. आणि मार्टिन ल्यूथर किंग यांनी इतरांच्या उपदेशांतून काय काय घेतले, याचा कीथ मिलर यांनी पुरा मागोवा घेतला आहे. फ्युर्थच्या त्या उपासनेत मला लक्षणीय वाटते ते वेगळेच: काही उपस्थितांनी यंत्राबरोबर प्रभूची प्रार्थना मोठ्याने म्हणायला नकार दिला. ऐकायला ते तयार होते, उत्तर द्यायला नव्हते. उपदेशाच्या मागे उभ्या असलेल्या माणसाची गरज श्रोत्याला नेमकी कुठे भासते, हा प्रश्न या नकारातून पुढे येतो, आणि त्यावर चर्चा करण्यापेक्षा श्रोत्यांना भेटणे अधिक फलदायी होईल.

आपल्या पुढच्या पावलांविषयी माझा सल्ला असा. विषय लहान घ्या: एक तालुका, एक मंडळी किंवा एक उपदेशक. २०२० च्या टाळेबंदीनंतर आपल्या कित्येक मंडळ्यांनी उपासना यूट्यूबवर टाकायला सुरुवात केली, आणि त्यामुळे बोलल्या जाणाऱ्या मराठी उपदेशाचा मोठा साठा आपोआप जमला. पण त्याची सूची कोणी केलेली नाही, आणि मंडळीने चॅनेल बंद केले की तो नाहीसा होईल. म्हणून निवडलेल्या ध्वनिमुद्रणांची प्रत आधी स्वतःजवळ घ्या. त्यांचे लिखित रूप हाताने करा, आणि त्यात विराम किती सेकंदांचा होता, मंडळी कुठे ‘आमेन’ म्हणाली, कुठे हसली, पाळक प्रमाण मराठीतून गावच्या बोलीत कधी उतरले आणि वचन वाचताना आवाज कसा बदलला, याची खुणांनी नोंद ठेवा. हे काम चिकाटीचे आहे, परंतु आपल्या प्रबंधाचा खरा पाया तेच असेल.

मुलाखती रविवारीच घ्या, शक्यतो उपासनेनंतर काही तासांत. “उपदेश कसा वाटला?” असे विचारू नका, कारण पाळकाबद्दलच्या आदरापोटी माणसे “छान झाला” म्हणून थांबतात; त्याऐवजी “ऐकताना तुमच्या मनात काय काय आले?” असे विचारा. आपण स्वतः ज्या मंडळीचे पाळक आहात, ती अभ्यासासाठी घेऊ नका, कारण तिथे कोणी आपल्याशी मोकळेपणाने बोलणार नाही. श्रोत्यांची लेखी संमती घ्या, आणि साक्ष किंवा वैयक्तिक प्रार्थना ध्वनिमुद्रित झाली असेल तर ती वेगळी काढून त्या व्यक्तीला पुन्हा विचारल्याखेरीज वापरू नका. प्रबंध इंग्रजीत लिहावा लागला, तरी श्रोत्यांचे बोलणे मूळ मराठीत देवनागरीतच छापण्याची परवानगी मार्गदर्शकांकडून सुरुवातीलाच लेखी मिळवा. नंतर ती मिळायला फार कष्ट पडतात.